शिडीच्या चित्रातून वीज वाहत नाही

पीएलसीचं, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, जुनं सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांच्या डोक्यात एक गैरसमज पहिल्याच दिवशी घातला जातो. पीएलसीचा प्रोग्राम पडद्यावर शिडीसारखा (लॅडर) मांडलेला असतो, आणि ही शिडी म्हणजे वायरिंगचा नकाशा, असं सांगतात. डावीकडच्या उभ्या रेषेतून वीज निघते, कॉन्टॅक्टमधून (स्विचसारख्या चिन्हातून) पुढे जाते आणि उजवीकडच्या कॉइलला (आउटपुटच्या चिन्हाला) पोचते, असं सांगितलं जातं. वायरमनचं काम केलेल्या मुलाला हे लगेच पटतं, कारण सर्किट वाचायची त्याला सवय असते. सुरुवातीला ही समजूत उपयोगी पडते. मशीन बंद पडून फॉल्ट शोधायची वेळ आली, की मात्र तीच आडवी येते.

पीएलसी म्हणजे कारखान्यातल्या धुळीत आणि हादऱ्यांत टिकणारा छोटा संगणक. बाटल्या भरणारं मशीन असो, साखर कारखान्यातला पट्टा असो की पाणी उपसायचे पंप. बटणं आणि सेन्सर काय सांगतात ते तो वाचतो आणि मोटर, व्हॉल्व्ह चालू-बंद करतो. त्याच्या आधी हे काम रिलेंनी (विजेने चालणाऱ्या स्विचांनी) भरलेली मोठमोठी पॅनेलं करत. मोटारीचं मॉडेल बदललं की पॅनेलची वायरिंग उसकटून पुन्हा करावी लागे. या कटकटीला कंटाळून जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये रिलेंना पर्याय मागितला. संगणकासारखा बदलता येणारा, पण कारखान्यातल्याच तंत्रज्ञांना सांभाळता येईल असा. त्याच वर्षी अभियंते डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी अशाच यंत्राची आखणी केली होती. तो त्यांचा ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४. पुढे त्यातूनच मॉडिकॉन कंपनी उभी राहिली.

शिडी आली ती इलेक्ट्रिशियनसाठी. त्याला संगणकाची भाषा येत नव्हती, रिलेची आकृती येत होती. म्हणून प्रोग्रामला त्या आकृतीचं रूप दिलं. निर्णय अतिशय शहाणपणाचा होता. पण चित्र रिलेचं असलं तरी आत चालतो तो प्रोग्रामच, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

अ‍ॅलन-ब्रॅडली कंपनीचा एसएलसी ५०० हा पीएलसी आणि त्याचं आरएसलॉजिक्स ५०० हे सॉफ्टवेअर घेऊ. १९९० च्या दशकात बसवलेले हे पीएलसी अजूनही अनेक कारखान्यांत चालू आहेत. हा पीएलसी एकच फेरी पुन्हा पुन्हा मारतो. आधी सगळ्या इनपुटची स्थिती वाचून मेमरीत उतरवतो. मग शिडीची पहिली पायरी सोडवतो, मग दुसरी, अशा शेवटपर्यंत सगळ्या. पायऱ्या सोडवताना आउटपुटची उत्तरं तो मेमरीतच लिहीत जातो. सगळ्या संपल्या की ती उत्तरं एकदम बाहेरच्या टर्मिनलवर पाठवतो, संगणकाशी थोडं बोलून घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. या फेरीला स्कॅन म्हणतात. प्रोग्राम किती मोठा आहे त्यानुसार एका स्कॅनला काही मिलिसेकंदांपासून वीस-तीस किंवा त्याहून जास्त मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो.

रिलेच्या पॅनेलमध्ये सगळ्या वायरींत वीज एकाच वेळी असते. शिडीत मात्र पायऱ्या एकामागून एक सुटतात, आणि प्रत्येक पायरी मेमरीतल्या बिटला एकच गोष्ट विचारते, तू १ आहेस की ०?

आता समजा, ओ:२/० या पत्त्यावरचा मोटरचा आउटपुट चुकून दोन ठिकाणी लिहिला गेला, पायरी ४ वर आणि पायरी ३७ वर. पायरी ४ खरी आहे, म्हणजे तिच्या अटी पूर्ण झाल्यात, पायरी ३७ खोटी. लॅपटॉप जोडून पाहिलं तर पायरी ४ वरचे सगळे कॉन्टॅक्ट हिरवे दिसतात, आणि मोटर मात्र ढिम्म. वायरिंगच्या हिशोबाने हे अशक्य. मग कोणी आउटपुट कार्ड बदलतं, कोणी कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) उघडून बसतं. खरं कारण साधं आहे. पायरी ४ ने बिट १ केला, पायरी ३७ ने तोच ० केला, आणि टर्मिनलवर जातं ते शेवटचं उत्तर. मधल्या पायऱ्यांपैकी कोणी तो बिट वाचला असेल, तर तिला तो १ च दिसला. एकाच स्कॅनमध्ये एकाच बिटची दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

स्टॉप बटणाचा घोळ याहून धोक्याचा. स्टॉप बटण एनसी (नॉर्मली क्लोज्ड) जोडतात, म्हणजे न दाबलेल्या स्थितीत त्यातून वीज जात असते आणि इनपुटचा बिट १ असतो. म्हणून प्रोग्राममध्ये त्यासाठी साधा कॉन्टॅक्ट वापरतात, म्हणजे बिट १ असेल तर खरा ठरणारा एक्सआयसी. नवशिक्याला वाटतं, बटण एनसी आहे, तर तिरकी रेघ असलेला, बिट ० असेल तर खरा ठरणारा एक्सआयओ हवा. तसं केलं की मशीन सुरूच होत नाही. मग काही जण कहर करतात, प्रोग्राम तसाच ठेवून बटण एनओ (नॉर्मली ओपन, दाबल्यावरच वीज जाऊ देणारं) करतात. मशीन चालतं, सगळे खूश. पुढे कधी उंदराने ती वायर कुरतडली, की स्टॉप दाबूनही मशीन थांबत नाही. एनसी जोडणीत वायर तुटली तर बिट ० होतो आणि मशीन आपोआप थांबतं. एनसी निवडतात ते यासाठीच. इमर्जन्सी स्टॉप तर पीएलसीच्या भरवशावर सोडायचाच नसतो, त्याला स्वतंत्र सेफ्टी रिले लागतो.

स्कॅन समजला की मशीनच्या ‘लहरी’ही समजतात. पट्ट्यावरून २० मिलिमीटर रुंदीची वस्तू सेकंदाला २ मीटर वेगाने गेली, तर ती सेन्सरसमोर १० मिलिसेकंद असते. स्कॅन १५ मिलिसेकंदांचा असेल, तर काही वस्तू दोन वाचनांच्या मधून निसटणार आणि मोजणी कमी भरणार. कधी कमी, कधी बरोबर. अशा वेळी पॅनेलला लिंबू-मिरची बांधलेली दिसते, ‘या मशीनला नजर लागलीय’ असं गंभीरपणे बोललं जातं. खंडेनवमीला यंत्राची पूजा करा, हातातल्या अवजाराबद्दल कृतज्ञता असणं चांगलंच. पण निसटलेला पल्स, म्हणजे सेन्सरचा क्षणभराचा इशारा, लिंबाने सापडत नाही. त्यासाठी स्कॅनचा वेळ बघावा लागतो आणि गरज पडली तर स्कॅनची वाट न पाहता मोजणारा हाय-स्पीड काउंटर बसवावा लागतो.

आता सॉफ्टवेअरबद्दल. जुन्या सॉफ्टवेअरचे मेनू चार दिवसांत हाताखाली येतात, ती अडचण नव्हे. दोन गोष्टी मात्र आधी पक्क्या माहीत हव्यात. पहिली, डाउनलोड म्हणजे लॅपटॉपमधून पीएलसीत. दिशा चुकली तर चालू प्रोग्रामवर जुनी फाइल चढते. दुसरी, एसएलसी ५०० च्या प्रोसेसरमध्ये पायऱ्यांवरच्या टिपा आणि बिटांना दिलेली नावं नसतात, ती फक्त संगणकावरच्या मूळ फाइलमध्ये असतात. ती फाइल हरवली असेल तर पीएलसीतून प्रोग्राम वर, म्हणजे लॅपटॉपवर, येतो, पण नुसत्या पत्त्यांचा. मेमरीतला बी३:०/७ हा बिट म्हणजे काय, हे मशीन चालवून आणि वायरी शोधून ठरवावं लागतं. सीमेन्सच्या एस५ मालिकेतही नावं आणि टिपा प्रोग्रामिंगच्या संगणकाच्या डिस्कवरच राहत. प्रोग्राम बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये असेल आणि मेमरी कार्डात कॉपी नसेल, तर बॅटरी संपलेली असताना वीज गेली की तोही गेला. म्हणून जुन्या मशीनपाशी गेल्यावर सगळ्यात आधी प्रोग्राम वर घेऊन जपून ठेवायचा, बाकी सगळं नंतर.

‘पंधरा दिवसांत पीएलसी-स्काडा, नोकरीची हमी’ असे फलक ज्या क्लासवर असतात, तिथे या गोष्टींवर किती वेळ घालवला जातो ते आधी विचारा. स्कॅन शिकायला महागडं किट लागतही नाही, वही पुरते. दोन पायऱ्या लिहा. त्यात आय:१/० हा बटणाचा इनपुट, आणि बी३ चे दोन्ही मेमरीतले बिट, सुरुवातीला ०. पहिली पायरी: आय:१/० हा १ आणि बी३:०/१ हा ० असेल, तर बी३:०/० ला १ करा, नाहीतर ०. दुसरी पायरी: आय:१/० हा १ असेल, तर बी३:०/१ ला १ करा, नाहीतर ०. आता बटण दाबून धरलंय असं समजून स्कॅनमागून स्कॅन हाताने सोडवा. पहिल्या स्कॅनमध्ये बी३:०/० हा १ होतो, कारण त्या क्षणी बी३:०/१ अजून ० आहे. दुसऱ्या स्कॅनपासून तो ० होतो आणि बटण सोडून पुन्हा दाबेपर्यंत ० च राहतो. बटण कितीही वेळ दाबा, पल्स मिळतो नेमका एका स्कॅनपुरता. याला वन-शॉट म्हणतात. रिलेच्या वायरिंगमध्ये हेच करायला गेलं, तर कुठला रिले आधी खेचला जातो यावर सगळं अवलंबून. इथे ते दर वेळी हमखास घडतं, कारण क्रम ठरलेला आहे. आता दोन्ही पायऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा सोडवा. बी३:०/० एकदाही १ होत नाही.

हे हातात बसलं की मॉडिकॉनच्या जुन्या ९८४ कडे वळा. तिथे एका नेटवर्कमध्ये (शिडीच्या एका चौकटीत) ७ ओळी आणि ११ स्तंभ असतात, आणि सोडवणूक ओळीने नाही, स्तंभाने होते. पहिला स्तंभ वरून खाली, मग त्याच्या उजवीकडचा. तेव्हा वहीतलं गणित त्या क्रमाने मांडून सगळी उत्तरं नव्याने काढावी लागतात.