नवे टायर टाकले की ॲव्हरेज का पडतं?

जुन्या डिझेल गाडीला चार नवे टायर टाकले की दोन टाक्यांत तक्रार सुरू होते: वीसचं ॲव्हरेज एकोणिसावर आलं. मग टायरवाल्यावर राग निघतो, नाहीतर अलाइनमेंट बिघडल्याचा संशय येतो. बहुतेक वेळा दोष कुणाचाच नसतो. हे होणारच असतं, आणि ते का होतं हे कळलं तर जुनी गाडी सांभाळण्याचं निम्मं गणित सुटतं.

उदाहरणाला १.३ लिटर मल्टिजेट डिझेलची स्विफ्ट घेऊ. इंजिन मूळ फियाटचं. ते पुण्याजवळ रांजणगावात आणि हरियाणात मानेसरला बनायचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि हे इंजिन थांबलं. त्यामुळे आज यातली प्रत्येक गाडी जुन्यांतच मोजायची.

या गाडीच्या व्हीडीआय मॉडेलचा टायर १६५/८० आर१४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंत तिच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. रिमचा व्यास ३५५.६ मिलिमीटर आणि वर-खाली टायरची भिंत १३२-१३२, म्हणजे एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने ती किमान १.६ राहावी लागते. म्हणजे टायर पूर्ण घासेपर्यंत व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी कमी होतो. ओडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. घासलेल्या टायरवर मीटरने ५०० किलोमीटर दाखवले तेव्हा गाडी खरी ४९० च्या आसपास चाललेली असते. वीसमधले ०.४ तिथेच फुगवलेले होते. नव्या टायरने ते फक्त खरे केले.

हाच हिशेब चुकीच्या मापाला लावून बघा. दिसायला बरे म्हणून किंवा स्वस्तात मिळाले म्हणून याच गाडीला १७५/६५ आर१४ बसवले, तर व्यास ५८३ मिलिमीटरवर येतो. मीटर सहा टक्क्यांहून जास्त पुढे पळतं आणि वीसचं ॲव्हरेज सव्वाएकवीस दिसतं. मालक खूश, पण इंजिन प्रत्येक किलोमीटरला जास्त फेरे मारत असतं. शंका असेल तर मोकळ्या महामार्गावर २० किलोमीटर फोनच्या जीपीएसशी मीटर ताडून पाहा. आकडा तिथेच कळतो.

दुसरं कारण रबराच्या आत आहे. रबरी चेंडू वरून सोडला तर तो पुन्हा तेवढाच वर येत नाही. जितका कमी उसळला, तितक्या ऊर्जेची रबराच्या आत उष्णता झाली. टायरचंही तसंच. ताशी ८० ला या गाडीचं चाक सेकंदाला साडेअकरा फेरे मारतं. दर फेऱ्याला रबराचा प्रत्येक भाग एकदा रस्त्यावर दबतो, सुटतो आणि थोडं डिझेल उष्णतेत घालवतो. नव्या टायरवर दबायला जाड नक्षी असते, म्हणून तोटा जास्त. घासलेल्या टायरमध्ये तो पाचव्या हिश्श्यापर्यंत कमी होऊ शकतो, आणि त्याचा डिझेलवरचा परिणाम दोन ते चार टक्के धरावा. मीटरचे दोन टक्के त्यात मिळवा: वीसचे एकोणीस झाले.

आता याची दुसरी बाजू. टायर रस्ता धरतो तोही याच आळशीपणामुळे. डांबरातल्या खडीच्या टोकांवर रबर दाबलं जातं आणि पुढे सरकताना लगेच उसळून परत येत नाही, म्हणून ते खडीला अडून राहतं. उसळी घेणारं, कडक रबर सहज फिरतं आणि तितकंच सहज घसरतं. गोटा झालेला सात वर्षांचा टायर उत्तम ॲव्हरेज देतो याचं कारण हेच आहे, आणि त्याच कारणाने तो जून महिन्यात जीव धोक्यात घालतो.

या दोन गोष्टी एका मर्यादेपर्यंत वेगळ्या करता येतात, आणि टायरशास्त्रातली ही मोठी झेप आहे. फिरताना रबर सेकंदाला दहा-बारा वेळा दबतं. ब्रेक लागल्यावर खडीच्या बारीक टोकांशी त्याची झटापट सेकंदाला हजारो ते लाखो वेळा होते. काळ्या कार्बनचा मोठा भाग काढून तिथे सिलिका घातली की मंद दबण्यातला तोटा घटतो आणि ओल्यावरची पकड टिकते. मिशेलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला; आज ही पद्धत सर्रास आहे. म्हणून ‘इंधन वाचवणारा’ टायर म्हणजे निसरडा टायर, ही समजूत जुनी झाली. भारतातही एआयएस-१४२ हे मानक फिरण्याचा रोध आणि ओल्या रस्त्यावरची पकड दोन्ही तपासतं. टायर घेताना दोन्हींबद्दल विचारा. नुसतं ‘किती किलोमीटर चालेल’ विचारलं की कडक रबर पदरात पडतं.

हवेबद्दलही बराच गैरसमज आहे. हवा कमी म्हणून ॲव्हरेज कोसळलं असं सर्रास म्हटलं जातं, पण सरासरी एक पीएसआय कमी असेल तर इंधनात साधारण ०.२ टक्का फरक पडतो. पाच पीएसआय कमी म्हणजे एक टक्का. मोजताना जाणवणारही नाही. मग हवा का तपासायची? चौघांसह गाडी १३०० किलोच्या घरात जाते आणि ३३ पीएसआयला एका टायरचं रस्त्यावर टेकलेलं क्षेत्र सरासरी १४० चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे बोटांसकट आपला तळहात. हवा कमी झाली की हा तळहात मध्ये पोकळ होतो, भार कडांवर येतो, भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि आतून तापते. मे महिन्यात समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ, तापलेल्या रस्त्यावर टायर फुटायला हेच पुरेसं असतं. एक टक्का डिझेल त्यापुढे काहीच नाही.

उलट बाजूने ॲव्हरेजसाठी ३३ ऐवजी ४० भरून घेणं हाही शहाणपणा नाही. तळहात सहाव्या हिश्श्याने लहान होतो, मधली नक्षी आधी जाते आणि खड्ड्याळ वळणावर टायर जमीन सोडून उड्या मारतो. जास्त हवेने टायर पाण्यावर तरंगायला थोडा उशीर होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी बाकी सगळं गमावू नये. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा घ्या; पूर्ण भाराचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो. हवा थंड टायरवर, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजायची. दहा अंश तापमानाला सुमारे दीड पीएसआय बदलतो. नाशिकच्या जानेवारीतली पहाट आणि तिथलीच मेमधली दुपार यांत तीस अंशांचा फरक असेल, तर न भरता-सोडता साडेचार-पाच पीएसआय हलले. नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. तो कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो, ॲव्हरेज वाढवत नाही.

पावसात नक्षीचं काम किती मोठं आहे ते आकड्यात पाहा. रस्त्यावर २ मिलिमीटर पाणी आणि वेग ८०: एका टायरला दर सेकंदाला सात लिटरहून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे अर्धी बादली. नक्षी असेल तर पाण्याला वाट मिळते. नसेल तर पाणी पुढे साचतं आणि टायरला उचलतं. विमानांच्या चाकांवर नासाने काढलेल्या सूत्रानुसार गुळगुळीत टायर तुंबलेल्या पाण्यावर ३३ पीएसआयला ताशी ९५ च्या सुमारास तरंगतो, २५ पीएसआयला ८३ लाच. १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची रेषा आहे. कोकणात किंवा घाटात पावसाळा काढायचा तर ३ मिलिमीटरला टायर बदलावा. एक रुपयाचं नाणं खोबणीत घालण्यापेक्षा शंभर-दीडशे रुपयांचा खोली मोजायचा गेज घ्या आणि आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजा. आतली कड वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही आणि अलाइनमेंट बिघडली की बहुधा तीच आधी जाते. चाक ०.३ अंश तिरकं असेल तर टायर दर किलोमीटरला सव्वापाच मीटर आडवा फरपटतो. नक्षीवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट गेली म्हणून समजा.

खरं डिझेल जातं ते बहुतेक वेळा टायरबाहेर. ताशी ८० ला या आकाराच्या गाडीला हवा ढकलायला सुमारे २०० न्यूटन आणि टायर फिरवायला १५० न्यूटन जोर लागतो. १०० ला टायरचा आकडा जवळजवळ तोच राहतो, पण हवेचा ३१० च्या पुढे जातो. चाकांवरचं काम तीस टक्क्यांनी वाढलं. हवा वाढवून एक टक्का मिळवणाऱ्याने वेग वीसने उतरवून पाहावा. २०११ च्या स्विफ्ट डिझेलचा कागदोपत्री आकडा होता २२.९. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्था रोलरवर, एसी बंद ठेवून, जास्तीत जास्त ९० च्या वेगाने काढतात. तो घरी मिळाला नाही म्हणून गाडी आजारी ठरत नाही. तिच्याच जुन्या आकड्याशी तिची तुलना करा. त्यासाठी एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरून, सलग तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. ३० लिटरमध्ये दोन लिटर इकडेतिकडे झालं तरी सहा-सात टक्के चूक होते.

या तुलनेत ॲव्हरेज दहा टक्क्यांहून जास्त पडलेलं दिसलं, तर पुढच्या जागा तपासायच्या. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. इंजिन नीट तापतच नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला थंड समजून जास्त डिझेल देतो, आणि गाडी ‘गरम होत नाही’ म्हणून मालक निर्धास्त असतो. या संगणकाचे आकडे दाखवणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर लावून पंधरा मिनिटं चालवल्यावर पाणी ८० अंशांच्या वर जात नसेल, तर तो बदला. दुसरी जागा टर्बो आणि त्याची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर यांमधला पाईप. चढावर शिट्टीसारखा आवाज, पिकअप कमी, मागे काळा धूर आणि सांध्याजवळ तेलाचा ओला डाग दिसला की पाईप चिरलाय किंवा क्लिप सैल आहे. ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने उघडा राहिला तरी असाच काळा धूर येतो. पीयूसीच्या कागदावरचा ‘के’ आकडा, म्हणजे धुराचा दाटपणा, जपून ठेवा. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२ आहे, पण गेल्या खेपेला ०.६ आणि आता १.३ असेल, तर पास झालेली गाडीही काहीतरी सांगते आहे.

तिसरी जागा ब्रेक. कॅलिपरच्या पिना सुकल्या की पॅड डिस्कला चिकटून राहतात. सपाट रस्त्यावर कमी ब्रेक वापरून गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ, न टेकवता, हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर तेच डिझेल खातंय. आणि तेल: या इंजिनात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे, आणि तिचा ताण तेलाच्या दाबावर टिकतो. ‘जुनं इंजिन, जाड तेल’ म्हणून ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० ऐवजी १५डब्ल्यू-४० भरलं, की थंड सुरुवातीला दाब उशिरा पोचतो, चेन खडखडते आणि ॲव्हरेजही थोडं घटतं.

घाट उतरताना न्यूट्रल टाकू नका, डिझेल वाचवायलाही नाही. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला तासाला सुमारे अर्धा लिटर लागतंच. लोणावळ्याहून खोपोलीला गाडी साडेपाचशे मीटर उतरते. त्यातली निम्मी ऊर्जा हवा आणि टायर खातात. उरलेली बारा लिटर पाणी उकळीला आणेल इतकी असते, आणि न्यूट्रलमध्ये ती सगळी ब्रेकमध्ये जाते. इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. डिझेल गाडीत ब्रेकचं पेडल हलकं ठेवणारी निर्वात (व्हॅक्यूम) इंजिनावर चालणाऱ्या पंपातून येते. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगड होतं.

चढताना धोका उलटा. या इंजिनाचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांवर एकदम येतो. चढाच्या वळणावर भार मागे आणि बाहेर सरकतो, आतलं पुढचं चाक हलकं होतं आणि दोन चाकांत जोर वाटणारा साधा डिफरन्शियल त्याच चाकाला फिरू देतो. ओल्या हेअरपिनवर टर्बो उठायच्या आतच, १५०० च्या आसपास, दुसऱ्या गिअरमध्ये वळण काढावं आणि स्टिअरिंग सरळ होताना जोर द्यावा.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे टाका, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. पुढच्या टायरची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरते. मागच्याची सुटली की ती गरगर फिरते, तेव्हा सावरायला वेळ नसतो. घेण्याआधी भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी भेगा तपासाव्यात आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही उरली असली तरी टायर काढावा. स्टेपनीचाही आकडा वाचा. बहुतेक जुन्या गाड्यांत ती कारखान्यातून आलेलीच असते.