स्ट्रिंग रिप्लेसमेंट

प्रोग्रॅममध्ये मजकूर म्हणून ठेवलेल्या अक्षरांच्या ओळीला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंग रिप्लेसमेंट म्हणजे तिच्यातला ठरावीक मजकूर शोधून त्याच्या जागी दुसरा बसवणे. शोधायचा मजकूर जसाच्या तसा देता येतो, किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनने (बोलीत रेजेक्स) त्याचा पॅटर्न, म्हणजे साचा, सांगता येतो.

पायथॉन, जावा आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. बदल करणारी आज्ञा, रिप्लेस, मूळ स्ट्रिंगला हात न लावता नवी स्ट्रिंग परत देते. ती व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या जागेत) ठेवली नाही तर केलेले काम वाया जाते. किती ठिकाणी बदल व्हावा, यावरही भाषांचे एकमत नाही. पायथॉनची रिप्लेस सगळीकडे बदल करते, तर जावास्क्रिप्टची, साधी स्ट्रिंग दिल्यास, फक्त पहिल्या जागी. सगळीकडे बदल करणारी रिप्लेसऑल तिथे २०२१ च्या आवृत्तीत आली. जावातली नावे तर सरळ फसवी आहेत. रिप्लेस आणि रिप्लेसऑल दोन्ही सगळीकडे बदल करतात, पण दुसरी रेजेक्स घेते. तिला नुसते टिंब दिले तर जवळपास सगळा मजकूर बदलतो, कारण रेजेक्समध्ये टिंब म्हणजे कोणतेही एक कॅरेक्टर.

रेजेक्सची संकल्पना गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांची, १९५० च्या दशकातली. केन थॉम्सन यांनी ती टेक्स्ट एडिटरमध्ये आणली. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधले सेड हे साधन आणि पुढे पर्ल ही भाषा यांच्यामुळे ती सर्वत्र पोचली. तिचे खरे बळ कंसांत आहे. ([०-९]+)-([०-९]+)-([०-९]+) हा पॅटर्न २०२४-०३-१५ ही तारीख तीन गटांत पकडतो; [०-९]+ म्हणजे एक किंवा अधिक अंक. नव्या मजकुरात गटांचे क्रमांक उलटे लिहिले की १५-०३-२०२४ मिळते.

देवनागरीत मात्र सावध राहावे लागते. 'कर'च्या जागी 'टॅक्स' घालायला सांगितले तर 'लवकर'चे 'लवटॅक्स' होते. यावर नेहमीचा उपाय म्हणजे शब्दसीमेची खूण, म्हणजे शब्द जिथे सुरू होतो किंवा संपतो तिथेच जुळणारी रेजेक्सची खूण. पण पायथॉनचे अंगभूत रेजेक्स मॉड्यूल काना-मात्रा आणि अनुस्वार यांना शब्दाचा भाग मानत नाही. त्यामुळे 'लवकर' बचावतो, पण 'करार' आणि 'शंकर' दोन्ही सापडतात. जावास्क्रिप्टमध्ये उलट गत: शब्दसीमा इंग्रजी अक्षरांपुरती असल्याने निव्वळ मराठी मजकुरात ती खूण कुठेच जुळत नाही. (?<![ऀ-ॿ])कर(?![ऀ-ॿ]) असे लिहून आजूबाजूला देवनागरी नको असे सांगता येते, मग 'कराचा'ही शोधातून निसटतो आणि दंडाला चिकटलेला 'कर।'सुद्धा. विभक्तीचे प्रत्यय रेजेक्सने सांभाळायला जाऊ नये, हे बरे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत) दोन रीतींनी साठवला जातो. दिसायला एकच असला तरी रिप्लेसच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर.

लागोपाठच्या बदलांत क्रम महत्त्वाचा असतो. 'डावा'चे 'उजवा' आणि मग 'उजवा'चे 'डावा' केले, तर शेवटी सगळेच 'डावा' उरते. अशा वेळी दोन्ही शब्द एकाच पॅटर्नमध्ये शोधून नवा शब्द ठरवायचे काम फंक्शनकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्या छोट्या तुकड्याकडे, द्यावे.

ठरलेला शब्द बदलायचा असेल तर साधी रिप्लेसच वापरावी. ती बहुधा वेगवान असते आणि वाचणाऱ्याला लगेच कळते. रेजेक्स चुकीची लिहिली तर ती बॅकट्रॅकिंगमध्ये, म्हणजे मागे जाऊन पुन्हापुन्हा जुळवून पाहण्यात, अडकू शकते. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले, ते मजकुराच्या कडेच्या रिकाम्या जागा छाटणाऱ्या अशाच एका पॅटर्नमुळे. एका पोस्टमध्ये सलग सुमारे २०,००० रिकाम्या जागा होत्या.