ओ पेअर आणि स्वयंसेवा : मोकळ्या वेळेमागचा इतिहास

ओ पेअर म्हणजे परदेशात यजमान कुटुंबाच्या घरी राहून, भत्ता घेऊन त्यांची मुले सांभाळणारी तरुणी. अमेरिकेत आलेल्या ओ पेअर मुली गरजूंना मोफत अन्नधान्य देणाऱ्या फूड बँकेत धान्याच्या पिशव्या भरतात, वाचनालयात चिमुरड्यांना गोष्टी वाचून दाखवतात, नदीकाठचा कचरा उचलतात. त्यांना कुटुंबे मिळवून देणाऱ्या एजन्सींच्या प्रसिद्धीत अशा छायाचित्रांना मानाचे पान असते. ज्या गावाने सांभाळून घेतले त्याचे काही देणे लागतो, ही भावना खरी आहे आणि ती अनेक मुलींच्या वागण्यात दिसते. पण ही सेवा कोणत्या वेळात होते आणि तो वेळ मुलीच्या हातात कितपत असतो, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

युरोपात मुलींनी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील घरी राहून भाषा शिकावी आणि त्या बदल्यात घरात हातभार लावावा, ही रीत जुनीच. तिला आंतरराष्ट्रीय कायद्याची चौकट मिळाली ती 24 नोव्हेंबर 1969 रोजी स्ट्रासबुर्ग येथे झालेल्या करारामुळे. दिवसाला साधारणपणे पाच तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्यात एक पूर्ण दिवस सुटी, महिन्यातून निदान एक रविवार मोकळा, भाषेच्या वर्गाला आणि प्रार्थनेला जाण्याची मुभा. ओ पेअर ही ना विद्यार्थी ना कामगार, दोन्हींची लक्षणे असलेला तो वेगळा वर्ग आहे, असे करारातच म्हटले आहे. स्वयंसेवेबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. मोजक्याच देशांनी या कराराला मान्यता दिली, तरी पाच तासांचे ते माप पुढे युरोपभर चर्चेत राहिले.

अमेरिकेने ते माप घेतले नाही. तिथे 1986 मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली ती सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या जे-1 व्हिसावर, आणि आठवड्याला 45 तास बालसंगोपन हे गणित धरून. पुढच्या जवळजवळ सगळ्या वादांचे मूळ या एका आकड्यात आहे.

पंचेचाळीस तास म्हणजे पूर्ण वेळेची नोकरी आणि वर थोडे. 1990 मध्ये सरकारी खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेने स्पष्ट सांगितले, की हा प्रकार मुळात मुले सांभाळण्याची नोकरी आहे आणि सांस्कृतिक व्हिसाच्या हेतूत तो बसत नाही. त्यावर तास कमी करणे किंवा योजना श्रम खात्याकडे सोपवणे हे दोन सरळ मार्ग होते. अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी कायदा करून, दुसरे खाते जबाबदारी घेईपर्यंत योजना आहे तशीच चालू ठेवायला सांगितले. दुसरे खाते पुढे आलेच नाही. 1995 मध्ये सविस्तर नियम झाले, 1997 मध्ये योजना कायमची झाली आणि 45 तास तसेच राहिले. दिवसाला कमाल दहा तास, आठवड्याला दीड दिवस सुटी, महिन्यातून एक पूर्ण शनिवार-रविवार मोकळा. काम कामगाराचे आणि ओळख पाहुणीची, हा पेच सोडवायची संधी तेव्हा होती. ती सोडून दिली गेली याची किंमत पुढे मुलींनी मोजली.

ही सांस्कृतिक देवाणघेवाण आहे असे म्हणायचे, तर संस्कृतीशी गाठ कुठेतरी पडायला हवी. त्यासाठी नियमांत शिक्षण आले : मान्यताप्राप्त महाविद्यालयात सहा क्रेडिट्स (अभ्यासक्रमाचे मोजमाप करणारे गुणांक) आणि त्यासाठी यजमान कुटुंबाकडून 500 डॉलरपर्यंत मदत. शिवाय एजन्सीच्या स्थानिक प्रतिनिधीने दर महिन्याला मुलीशी आणि कुटुंबाशी संपर्क ठेवायचा. यातूनच आसपासच्या ओ पेअरना एकत्र आणणारे मासिक मेळावे रुजले. सुरुवातीला गप्पा, सहल, भोपळे कोरणे. मग कुणीतरी फूड बँकेत नाव नोंदवले, कुणी उद्यान सफाईला गट नेला. परक्या गावात मोटार नसलेल्या मुलीला अशा सेवेतून यजमान घराबाहेरची माणसे भेटू लागली. ही बाब छोटी नाही. वर्षभर एकाच घरातील चार माणसांपुरते जग उरलेल्या मुलीला फूड बँकेतील आजोबांनी नावाने हाक मारणे म्हणजे त्या गावात आपलीही जागा असणे.

सेवेला मर्यादाही होत्याच. जे-1 व्हिसावरील ओ पेअरला यजमान कुटुंबाशिवाय दुसरीकडे मोबदल्याचे काम करता येत नाही, म्हणून सेवा खरोखर विनामोबदला आणि धर्मादाय किंवा सार्वजनिक संस्थेतच असावी लागते. शेजाऱ्याच्या दुकानात ‘मदत’ करणे त्यात बसत नाही. निव्वळ स्वयंसेवेचे तास क्रेडिट्सच्या जागी चालत नाहीत. 2001 मध्ये शाळकरी मुलांच्या घरांसाठी आठवड्याला 30 तासांचा पर्याय आला. त्यात क्रेडिट्स दुप्पट होती, पण दिवसातला मधला भाग मोकळा राहायचा. नियमित सेवेसाठी हा पर्याय जास्त सोयीचा होता.

मोबदल्याचा वाद मात्र पेटत गेला. साप्ताहिक किमान भत्ता 195.75 डॉलर हा 2009 पासूनचा आकडा : संघराज्याचे किमान वेतन ताशी 7.25 डॉलर, गुणिले 45, वजा राहण्याजेवणाचे 40 टक्के. एजन्सींनी संगनमत करून भत्ता या पातळीवर रोखून धरल्याचा आरोप करणारा सामूहिक दावा कोलोरॅडोत 2014 मध्ये दाखल झाला आणि 2019 मध्ये 6.55 कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्याच वर्षी 2 डिसेंबरला बोस्टनच्या संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला, की मॅसॅच्युसेट्समधील घरकामगारांचा कायदा ओ पेअरनाही लागू होतो. राज्याचे किमान वेतन आणि जादा कामाचे पैसे द्यावे लागल्याने पूर्ण 45 तासांसाठी कुटुंबाचा आठवड्याचा खर्च दुपटीच्या पुढे गेला. अनेक घरांनी योजना सोडली.

त्या निकालावर टीका भत्त्यापायी झाली. माझ्या मते त्याचा खरा परिणाम तासांच्या नोंदवहीत दिसला. कोणती वेळ कामाची, हे आता लिहून ठेवणे भाग पडले. शनिवारी सकाळी कुटुंबाबरोबर सफाई मोहिमेला गेलेली मुलगी तिथे धाकट्याचा हात धरून उभी असेल, तर ती ड्युटीवर आहे. तीच मुलगी स्वतःहून एकटी गेली, तर ती स्वयंसेवक. यजमान आईने शाळेच्या निधी कार्यक्रमात मुले सांभाळायला तिला परस्पर कबूल करून टाकले, तर ती सेवा आईची ठरेल, मुलीची नव्हे. नोंदवहीत कोरा राहिलेला तास मुलीचा स्वतःचा, आणि दान करायचाच तर तो तिनेच करायचा.

युरोपने ही रेषा कायद्यातच आखली. युरोपीय संघाच्या 2016 च्या निर्देशात ओ पेअर आणि स्वयंसेवक हे शेजारी शेजारी, पण स्वतंत्र प्रवर्ग आहेत. ओ पेअरला आठवड्याला 25 तासांची मर्यादा आहे. मात्र ओ पेअरविषयीची कलमे स्वीकारणे सदस्य देशांवर सोडले गेले. जर्मनीत बऱ्याच मुली ओ पेअर वर्ष संपवून सामाजिक सेवेच्या स्वतंत्र वर्षात शिरतात : वृद्धाश्रम, रुग्णालय, दिव्यांगांच्या संस्था. ही व्यवस्था 1964 च्या कायद्यापासूनची, आणि 2011 मध्ये सक्तीची लष्करभरती थांबल्यावर तिच्या जोडीला संघीय स्वयंसेवाही आली. तिथे सेवेला करार, विमा, खिशाला थोडे पैसे आणि मार्गदर्शन आहे. ती कुणाच्या उरलेल्या वेळेवर विसंबून नाही. नॉर्वेने मात्र 2024 मध्ये ओ पेअर योजनाच बंद केली, कारण ती स्वस्त घरकामगार आणण्याचे साधन झाल्याचा आक्षेप तिथे वर्षानुवर्षे होता.

अमेरिकेत 30 ऑक्टोबर 2023 रोजी नवा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात कामाची मर्यादा 45 वरून 40 तासांवर आणण्याचा आणि राज्यांच्या किमान वेतनाचा विचार करून भत्ता ठरवण्याचा प्रस्ताव होता. यजमान कुटुंबांनी हरकतींचा पाऊस पाडला, आणि त्यांचा बहुतेक रोख खर्चावर होता. आठवड्याला सुटणाऱ्या पाच तासांबद्दल फारसे कुणी बोलले नाही.