भिंतीत मुरलेला धूर

माझ्या मावसभावाने मार्चमध्ये पुण्यात भाड्याने फ्लॅट घेतला. घर नुकतंच रंगवलेलं होतं, खिडक्या सताड उघड्या असायच्या, आणि वास यायचा तो फक्त ताज्या रंगाचा. जुलैत पावसाची झड लागली, खिडक्या बंद झाल्या आणि बेडरूममधलं भिंतीतलं कपाट उघडलं की शिळ्या सिगरेटचा वास यायला लागला. घरात कुणीच ओढत नाही. आधी शेजाऱ्यांवर संशय गेला, मग ड्रेनेजवर. शेवटी वॉचमनने सांगितलं की आधीचे भाडेकरू त्याच खोलीत बसून रोज पाकीटभर ओढायचे. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून फोन मला आला. "ताई, रंग दिल्यावरसुद्धा वास येतोच कसा?"

हिंगाचा डबा आठवा. हिंग संपला, डबा घासला, उन्हात वाळवला, तरी झाकण उघडलं की वास येतोच. ती हिंगाची नुसती आठवण नसते. हिंगाचे रेणूच प्लास्टिकमध्ये शिरून बसलेले असतात आणि एकेक करून बाहेर पडत असतात. घरातल्या धुराचंही असंच होतं. वास येतो याचा अर्थ धुराचा काही भाग अजून घरातच आहे.

धूर म्हणून जे डोळ्यांना दिसतं ते अतिसूक्ष्म कण असतात, बहुतेक एका मायक्रॉनपेक्षा लहान. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. इतके हलके कण लवकर खाली बसत नाहीत, तासन् तास तरंगत राहतात. शिवाय झुरका घेताना सिगरेटचं टोक 900 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, पण दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात ते कमी तापमानाला धुमसत राहतं. ज्वलन अर्धवट होतं, आणि या धुमसण्यातून निघणारा धूर ओढलेल्या धुरापेक्षा जास्त विषारी असतो. घरात साठतो तो मुख्यतः हाच. विडी ओढणाऱ्यांच्या घरी चित्र वेगळं नाही. विडीतून टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्तच निघतात.

एक हिशेब करून पाहू. एका सिगरेटमधून साधारण 10 मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 28 घनमीटर हवा. दारं-खिडक्या बंद असतील तर दर घनमीटरमागे साडेतीनशे मायक्रोग्रॅम झाले. भारतात अशा कणांसाठी दिवसभराच्या सरासरीची मर्यादा 60 आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची 15. एक आकडा त्या घडीचा आणि दुसरा दिवसभराच्या सरासरीचा आहे, हे मान्य. पण ओढणारा एकाच सिगरेटवर थांबत नाही.

कणांबरोबर वायूही असतात, आणि वासाचा मोठा भाग त्यांचा. पिरिडिन, व्हिनाइलपिरिडिन, ॲसिटाल्डिहाइड, फिनॉल, अमोनिया अशी ही मंडळी. सर्वांत चिवट निकोटिन. ते धड वायू नाही आणि धड स्थिरही नाही. गरम धुरातून निघतं आणि थंड पृष्ठभाग दिसला की चिकटतं. भिंतीचा गिलावा, रंगाचा थर, पडदे, गादी, सोफ्यातला फोम, कपाटाच्या आतली कच्ची प्लाय, सगळीकडे ते लोणच्यासारखं मुरतं. खोलीतली हवा स्वच्छ झाली की उलटा प्रवास सुरू होतो आणि मुरलेलं हळूहळू बाहेर येतं. उकाड्यात हा वेग वाढतो. दमट हवेत पाण्याचे रेणू पृष्ठभागावरची जागा बळकावतात आणि आधी बसलेल्यांना हुसकावून लावतात. भावाच्या घरी हेच झालं. त्यात खिडक्या बंद, म्हणजे बाहेर आलेलं जाणार कुठे?

अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातले जॉर्ज मॅट यांनी अशाच घरांचा अभ्यास केला. धूम्रपान करणारे राहून गेलेली घरं सरासरी दोन महिने रिकामी होती, साफसफाई झाली होती, काहींना नवा रंगही दिला होता. तरी धुळीत आणि भिंतींवर निकोटिन सापडलं. तिथे राहायला आलेल्या, न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही ते होतं. हे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

मला जास्त काळजी वाटते ती त्याच्या आदल्या वर्षी लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने दाखवलेल्या गोष्टीची. पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन स्वस्थ बसत नाही. हवेत नायट्रस आम्ल असेल तर त्याच्याशी संयोग होऊन नायट्रोसामाइन तयार होतात, आणि त्यातले काही कर्करोगकारक आहेत. यातला एक पदार्थ तर सिगरेटच्या ताज्या धुरात नसतोच, तो नंतर घरातच घडतो. नायट्रस आम्ल येतं कुठून? एक मोठा स्रोत म्हणजे ज्योतीचा धूर बाहेर न नेणारी गॅसची उपकरणं. आपल्या स्वयंपाकघरात सकाळच्या चहापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत गॅस पेटलेला असतो, आणि वर चिमणी नसेल किंवा चालू नसेल तर ज्योतीतून निघालेलं घरभर फिरतं.

आता वास घालवण्याच्या उपायांकडे वळते. उदबत्ती, धूप, कापूर आणि रूम फ्रेशनर यांतलं काहीही धूर काढत नाही. उदबत्ती स्वतःच सूक्ष्म कण सोडते. लिंबाच्या वासाच्या फ्रेशनरमधलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड आणि नवे कण तयार करतं. ओझोनची यंत्रं याहून वाईट. जुन्या गाडीतला किंवा हॉटेलच्या खोलीतला वास "मुळापासून" घालवण्याच्या नावाखाली ती विकली जातात. ओझोन फुप्फुसांना घातक आहेच, शिवाय भिंतीवरच्या निकोटिनशी त्याची अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि आणखी बारीक कण निघतात. पैसे देऊन हे घरात आणू नका, असं मी हात जोडून सांगते.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवत राहतो, आणि जाता जाता त्याची ओली कॉइल धूर शोषून ठेवते. एअर प्युरिफायरचं काम अर्धं. त्यातला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो, पण वायू त्यातून सहज पार होतात. वायूंसाठी सक्रिय कोळसा लागतो. एक ग्रॅम कोळशातल्या छिद्रांचं एकूण क्षेत्रफळ पाचशे चौरस मीटरहून जास्त भरतं, म्हणून तो इतकं धरून ठेवतो. पण बऱ्याच स्वस्त यंत्रांत कोळशाची नुसती काळी चादर असते. ती लवकर भरते आणि मग धरलेलं परत सोडू लागते. पावसाळ्यात तर बरीच छिद्रं पाण्याच्या वाफेनेच अडतात.

खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा खरोखर उपयोगी आहेत, कारण ते धूर घराबाहेर नेतात. तासाला तीन वेळा खोलीभर हवा बदलली तर तासाभराने हवेतला धूर सुमारे 5 टक्क्यांवर येतो. तासाला एकदाच बदलली तर त्याला तीन तास लागतात. वाऱ्याची दिशा मात्र बघायला हवी. वारा आत येत असेल तर खिडकीशी उभं राहून ओढणारा माणूस अख्खं घर धुराने भरतो. बाथरूममध्ये ओढण्याची युक्ती मुंबईत फार चालते. तिथे धूर डक्टमध्ये जातो आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून बाहेर येतो. तिथे कुणाचं तरी बाळ अंघोळ करत असतं.

आणि हवा बदलली तरी मुरलेलं तसंच राहतं. वातानुकूलन क्षेत्रातल्या अभियंत्यांची ॲश्रे ही संस्था यंत्रांच्याच धंद्यातली. तिचीही भूमिका अशी आहे की तंबाखूच्या धुराचा आरोग्याला असलेला धोका पंख्यांनी किंवा फिल्टरांनी आटोक्यात येत नाही, आत ओढणं बंद करणं हाच उपाय आहे. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. घराच्या उंबऱ्यावर तो नियम थांबतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या 38.7 टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता.

मुरलेलं काढायचं तर घासाघीस अटळ आहे. निकोटिन अल्कधर्मी असल्यामुळे पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने ते क्षाररूपात येतं आणि पुसून निघतं. वासातली आम्लं खाण्याच्या सोड्याने जातात. दोन्ही एकत्र ओतले तर ते एकमेकांनाच संपवतात, म्हणून आधी एक, मग धुऊन दुसरा. पिवळा चिकट थर तेलकट असतो, त्याला डिटर्जंटच हवा. पंख्याची पाती, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, एसीची जाळी, कपाटांचे माथे, या जागा हमखास राहून जातात. गालिचा आणि जुनी गादी टाकून दिलेली बरी. भिंत आधी धुवा, वाळली की डाग अडवणारा प्रायमर मारा, मग रंग. भावाच्या घरमालकाने यातल्या पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट डिस्टेंपर फिरवला होता.

गॅलरीत जाऊन ओढलं की प्रश्न मिटतो का? जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या एका सिनेमागृहात येल विद्यापीठाच्या संशोधकांनी हवा मोजली. तिथे वर्षानुवर्षं धूम्रपानाला बंदी होती आणि ताजी हवा सतत आत येत होती. तरीही प्रेक्षक आत शिरले की तंबाखूच्या धुरातले वायू वाढायचे. कपड्यांवरून आणि अंगावरून येणारा हा ऐवज तासाला एक ते दहा सिगरेटींच्या धुराइतका भरला. म्हणून गॅलरीतून आल्यावर थोडा वेळ थांबून, हात-तोंड धुऊन, शर्ट बदलल्याशिवाय बाळाला उचलू नये.

भावाची मुलगी आठ महिन्यांची आहे. रांगते, भिंतीला धरून उभी राहते आणि तेच हात तोंडात घालते. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून ती खोली छतापासून फरशीपर्यंत धुतली. पहिल्या बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं, तिसऱ्या बादलीचं जवळजवळ स्वच्छ. कपाटातला वास कमी झाला, गेला नाही. मागच्या प्लायला कधी पॉलिशच केलेलं नव्हतं, तिने सगळं पिऊन घेतलं होतं. सुतार बुधवारी येऊन ती बदलणार आहे. तोवर मुलीचा पाळणा हॉलमध्ये हलवलाय.