वॉरम पर्सी : प्लेगनंतरही दीडशे वर्षं टिकलेलं गाव

उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरच्या खडूच्या टेकड्यांमध्ये वॉरम पर्सी हे गाव कधीच उजाड झालं. आज तिथे छप्पर नसलेलं सेंट मार्टिन चर्च आहे आणि उतारावर गवताखाली लांबट चौकोनी उंचवटे. ऊन तिरपं पडलं की त्यांच्या सावल्यांतून घरांचे चौथरे, परसांच्या हद्दी आणि खोलगट झालेली गावातली वाट ओळखू येते.

इंग्लंडात अशी तीन हजारांहून जास्त उजाड गावं आता माहीत आहेत. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. जमिनी आणि करांच्या नोंदी चाळणारे अर्थशास्त्रीय इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांनी १९५० साली इथे स्वतःच खणायला सुरुवात केली. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट येऊन मिळाले आणि उन्हाळ्यातल्या उत्खननाचं हे काम १९९० पर्यंत चाललं. एका ओसाड खेड्यासाठी चाळीस वर्षं! किल्ले आणि मठ सोडून साध्या कुळांच्या घरांना एवढा वेळ देणं, हेच मला या कामाचं मोठेपण वाटतं.

तोवर अरुंद चर खणून भिंती शोधायची रीत होती. हर्स्ट यांनी अख्खं घर एकदम उघडं करून थरामागून थर काढले. त्यातून एकाच जागेवर पुन्हा पुन्हा बांधलेली घरं दिसली, काहींची तर दिशाही बदललेली. लांबट घरात एका टोकाला माणसं राहत, दुसऱ्या टोकाला गुरं.

गाव उठलं ते १३४८-४९ च्या प्लेगने, असा सर्रास समज आहे. प्लेगने माणसं नेली हे खरं, पण गाव त्यानंतरही सुमारे दीडशे वर्षं नांदतं होतं. खरा घाव पुढे बसला. माणसं घटल्याने मजुरी वाढली, धान्याला भाव उरला नाही, लोकरीला मात्र मागणी होती. नांगरटीला गावभर हात लागत, मेंढरांना एखाददुसरा मेंढपाळ पुरे. मग जमीनदारांनी कुळं हुसकावून शेतं कुरणांखाली घातली. गावं पाडण्याविरुद्ध १४८९ मध्ये कायदा झाला, १५१७ मध्ये राजाचे मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी यांनी चौकशी लावली. वॉरम पर्सीची शेवटची कुळं तोवर, १५०० च्या आसपास, घराबाहेर काढली गेली होती.

चर्च मात्र चालू राहिलं, कारण आसपासच्या वस्त्यांचे लोक तिथेच येत. विसाव्या शतकापर्यंत तिथे प्रार्थना होत होत्या.