मुलांच्या लघवीच्या तक्रारी आणि पाठीच्या कण्याची चित्रतपासणी

मूल पाच वर्षांचे झाल्यावरही रात्री अंथरूण ओले करत असेल किंवा दिवसा चड्डीत लघवी होत असेल, तर मज्जारज्जूत काही दोष आहे का हे पाहण्यासाठी कधीकधी पाठीचा एमआरआय, सोनोग्राफी किंवा एक्स-रे काढतात. बहुसंख्य मुलांना याची गरज नसते. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुले अंथरूण ओले करतात आणि त्यांतली बहुतेक वयानुसार आपोआप सुधारतात. दिवसाच्या तक्रारीमागे पुष्कळदा बद्धकोष्ठ असते, नाहीतर शाळेतल्या अस्वच्छ संडासात जायला नको म्हणून दिवसभर लघवी दाबून धरणे. आधी पोट साफ ठेवावे, दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवावे, वहीत नोंद ठेवावी.

मूत्राशयाच्या नसा मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकातून निघतात. हे टोक एरवी कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी असते. चरबीच्या गाठीमुळे किंवा जाड, आखूड तंतूमुळे ते खाली अडकून राहिले, तर मुलाची उंची वाढते तसा त्यावर ताण येतो. म्हणूनच काही वर्षे कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले होऊ लागले आणि त्याची चालही बदलली, तर ते मनावर घ्यावे.

अशा दोषाची पहिली खूण पुष्कळदा घरातच दिसते. नाशिककडे अजूनही अनेक घरी बाळाला न्हाऊ घालायला मावशी येतात. बाळाला पायांवर पालथे घालून तेल चोळताना कमरेखालचा केसांचा झुपका, मऊ गाठ, लाल डाग किंवा ढुंगणाची वाकडी घडी सर्वांत आधी त्यांच्याच नजरेला पडते. तो झुपका कणकेचा गोळा फिरवून काढू नये, डॉक्टरांना दाखवावा. गुदद्वारापासून २.५ सेंमीच्या आत, मध्यरेषेवर असलेली, ५ मिमीपेक्षा लहान खळी मात्र सहसा निरुपद्रवी असते.

पाठीवर अशी खूण असणे, एक पाय बारीक किंवा आखूड असणे, तळपायाची कमान उंच होणे, एकच चप्पल वेडीवाकडी झिजणे, पाय दुखणे, लघवी सतत थेंबथेंब गळणे, शौचावरही ताबा नसणे यांपैकी काही आढळले, तर एमआरआयचा विचार करावा. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड किंवा मूत्रपिंड फुगलेले दिसले, किंवा नीट उपचार करूनही फरक पडला नाही, तरीही तो करावा लागतो. त्यात क्ष-किरण नसतात, पण लहान मुलाला उपाशी ठेवून गुंगीचे औषध द्यावे लागते. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत कण्याची मागची हाडे पुरती कठीण झालेली नसल्याने सोनोग्राफीनेही मज्जारज्जू दिसतो. एक्स-रेत शेवटच्या मणक्याची मागची कमान जुळलेली नाही असे कळले की आईवडील हादरतात. निरोगी माणसांतही हे सर्रास आढळते आणि तेवढ्यावरून लघवीच्या तक्रारीचा उलगडा होत नाही. माकडहाडावरचे त्रिकास्थी अपुरे असेल, तर ते मात्र एक्स-रेत कळते.

सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून नाशिकला यायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो. त्यामुळे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी तिथे मोलाची ठरते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. त्यांच्यापुढे लघवीची तक्रार आली, तर मुलाला आडोशाला नेऊन, आईसमोर, पाठ कमरेखालपर्यंत उघडी करून पाहावी आणि त्याला अनवाणी चालवून बघावे.