हिरव्या बाटलीचं निळीशी का जमत नाही?

काचेला ठरावीक वितळणांक नसतो. तापवत नेली की ती हळूहळू मऊ पडते. बाटलीची काच साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे वाकू लागते आणि ८००च्या आसपास एकावर एक ठेवलेले तुकडे एकजीव होतात. यालाच फ्यूजिंग म्हणतात. मग भंगारवाल्याकडून रंगीबेरंगी बाटल्या आणाव्यात, तुकडे जुळवावेत आणि विजेची भट्टी लावावी, एवढंच काम उरलं असं वाटतं. ताटली भट्टीतून सुरेख निघतेही. पण ती त्याच दिवशी किंवा काही आठवड्यांनी, कुणी हातही न लावता, तडकते.

दोष प्रसरणांकाचा. फ्यूजिंगसाठी मुद्दाम बनवलेली काच ९० किंवा ९६ अशा आकड्यांनी विकली जाते. ९० म्हणजे तापमान एक अंशाने वाढलं की लांबीत कोटीमागे ९० भागांची वाढ. बाटल्यांचे आकडेही याच्याच आसपास असतात, पण कारखान्यागणिक बदलतात, आणि लेबलावर ते कुणी छापत नाही. समजा, हिरवीचा ९० आहे नि निळीचा ८५. काच ५००च्या जवळपास ताठ होते. तिथून थंड होईपर्यंत २० सेंटिमीटरच्या ताटलीत दोघींच्या आकुंचनात फरक पडतो फक्त ०.०५ मिलिमीटर! केसाची जाडीही सहसा याहून जास्त भरते. पण धातू थोडा ताणून निभावून नेतो, काचेला ते जमत नाही. ताण जोडापाशी साठून राहतो.

हा ताण डोळ्यांना दिसू शकतो. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मधे ताटली धरा. जोडाच्या कडेने उजळ रेघ दिसली तर ताण आहे. मात्र भट्टी घाईने थंड केली असेल तरी उजेड दिसतो. म्हणून आधी ५४०-५५० अंशांवर काच तासभर मुरू द्यावी, मग सावकाश उतरवावी. जाड कामाला याहून बराच जास्त वेळ लागतो.

माझं मत विचाराल तर सुरुवात एकाच बाटलीच्या किंवा खिडकीच्या एकाच तावदानाच्या तुकड्यांनी करावी. तावदानाची मात्र एक गंमत आहे. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केलेल्या पद्धतीने ही काच वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होते, त्यामुळे तिच्या एका बाजूला कथिलाचा अंश राहतो. पुन्हा तापवल्यावर ती बाजू कधीकधी धुरकट, सुरकुतलेली होते. शॉर्टवेव्ह अतिनील दिव्याखाली ती दुधट चमकते, तेवढ्यावरून ओळखता येते. काचेवरचा लेबलाचा डिंक नि बोटांचे ठसेही धुऊन काढावेत, कारण मळ असेल तिथे स्फटिक धरून पृष्ठभाग खरबरीत होतो.

ओव्हनमध्ये चालणारी बोरोसिलिकेटची भांडी या ढिगात मिसळू नयेत. त्यांचा आकडा ३३च्या आसपास असतो.